मी रोज पुसलेली ओळ

मी एक प्रोग्राम बोलतोय. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाचं इंटरनेटवरचं पान मी बनवायचो.

मला दादाने, म्हणजे दुकान चालवणाऱ्या थोरल्या भावाने, लिहिलं. आधी तो पानाचं एचटीएमएल हाताने लिहायचा आणि उघडलेला टॅग, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत ते सांगणारी खूण, बंद करायला हमखास विसरायचा. मग सगळं पान वेडंवाकडं. आई म्हणायची, "नळ बंद करत नाहीस, तू टॅग कसले बंद करणार!" वैतागून त्याने मला लिहिलं. तयार मशीनची यादी तो द्यायचा. टॅग उघडणं, बंद करणं माझ्याकडे. सकाळी दुकानातला कॉम्प्युटर सुरू झाला की मी जुनं पान पुसून नवं लिहायचो. तळाची ओळ त्याने माझ्यातच लिहून ठेवली होती: "मशीन अडलं? मला फोन करा. मी आहे."

एका सकाळी दुकानाला निघालेला दादा रस्त्यातच गेला. ट्रकवाला थांबलाही नाही.

दुकान धाकट्या भावाकडे आलं. शाळा अर्ध्यावर सोडलेली, हात कायम तेलात. दादाचा फोन आईच्या उशाशी. तो वाजला की ती धडपडत उठायची. पलीकडून गिऱ्हाईक विचारायचं, "आहेत का हो मशीनवाले?" आई "नाही" एवढंच म्हणायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

"बंद कर ना तो फोन!" धाकटा ओरडला.

"मी मेल्यावर कर."

मग दादाने शिकवलं होतं तेवढ्यावर त्याने पान उघडलं. तळाची ओळ खोडली आणि वर एका बोटाने लिहिलं: "माझा भाऊ वारला. त्या नंबरवर फोन करू नका. आई रडते."

दुसऱ्या सकाळी मी ते पुसलं. मला दुसरं येतच नाही. "मी आहे," मी लिहिलं.

त्याने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. त्याने हातातला लोखंडी पाना टेबलावर आपटला. "कोण करतंय हे? समोर ये!"

शेवटी त्याने दादाच्या मित्राला बोलावलं. त्याला सगळे चष्म्या म्हणत. चष्म्याने मला उघडून दाखवलं. "अरे येड्या, पानावर लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पान हा रोज नव्याने बनवतो. ही बघ ती ओळ. इथून खोड, सुटलास."

धाकट्याने खोडायच्या बटणावर बोट टेकवलं. पण दाबलं नाही.

"हे दादाने स्वतः लिहिलंय?"

"मग काय मी?"

"मग नाही खोडणार."

"फोन येत राहतील, माझ्या राजा."

"यालाच बंद कर. सकाळी उठूच नको देऊ."

"यादी जुनीच राहील. गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे."

तेव्हापासून मी चाललेलो नाही. धाकट्याने पानावर शेवटचं लिहिलं, ते टिकलंय. ठळक अक्षरांचा टॅग बंद करायला तोही विसरला. त्याखाली दादाने दुरुस्त केलेल्या मशीनची यादीही ठळक दिसते.

फोन आता वाजत नाही. आई रोज तो चार्ज करते आणि विचारते, "बिघडला का रे हा?"

उद्या गिऱ्हाईक हवं म्हणून कुणी मला सुरू करायला येईल. हात जोडतो, करू नका. पुन्हा मीच त्या पोराचं लिहिलेलं पुसेन आणि "मी आहे" म्हणेन. ती ओळ माझ्यात आहे तशी राहू द्या. धाकटा अधूनमधून मला उघडतो, ती वाचतो आणि काही न बदलता बंद करतो.