चौथ्या मजल्यावरचा मणी

सकाळी सहालाच त्या चारमजली इमारतीचा जिना म्हाताऱ्यांनी फुलून जायचा. लिफ्ट कधीचीच बंद. पायरीपायरीवर धापा, गुडघ्यांच्या तक्रारी, थट्टामस्करी. चौथ्या मजल्यावर स्मरणबाबा बसत. त्यांच्याकडे एक काळा मणी होता, आणि तो कपाळाला टेकवला की विसरलेलं आठवतं अशी ख्याती होती. अट एकच, रोज घरून पायी यायचं. वाहनाने येईल त्याच्यावर मणी रुसतो म्हणे.

आणि खरंच गुण येत होता हो. शिंपीणकाकूंची पंचाईत झाली होती ती इथेच.

काकूंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण करतात काय? पन्नास वर्षं त्यांच्या नवऱ्याने, शिंपीमास्तरांनी, कोट शिवले आणि काकूंनी त्यांची काजं-बटणं केली. मास्तर त्यांना लाडाने काजूबाई म्हणत. दुकान बंद झालं तसे मास्तर खुर्चीला खिळले. कुठे जाणं नाही, कुणाशी बोलणं नाही. एक दिवस काकू चहा घेऊन आल्या, तर मास्तर अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचे कपडे गुरुवारी मिळतील."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. दुसऱ्याच दिवशी नाक मुठीत धरून त्या मास्तरांना बाबांकडे घेऊन गेल्या.

तीन महिन्यांत मास्तरांना शेजाऱ्यांची नावं सापडली, चष्मा सापडला, भांडायला जुने विषयही सापडले. फक्त 'काजूबाई' तेवढं ओठांवर येईना. काकूंचा सगळा जीव त्या एका हाकेत अडकला होता.

तेवढ्यात बाबांचं नशीब फळफळलं. त्यांनी तळमजल्यावरचा गारेगार हॉल घेतला आणि मण्याला पिल्लं झाल्याचं जाहीर केलं. आता घरोघरी एकेक मणी. उशाखाली ठेवायचा आणि पडून राहायचं, हललात की शक्ती सांडते. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मण्याचं बाळंतपण कुणी केलं, असं काकूंनी मोठ्यांदा विचारलं, पण ऐकतो कोण.

मास्तरांनी आज्ञा अगदी तंतोतंत पाळली. महिना-दीड महिन्यात काकूंचे कपडे पुन्हा गुरुवारी मिळायला लागले.

आता मात्र काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मणी तर आता रात्रंदिवस उशाशी आहे, मग बंद काय झालं?

काकू घरी येईपर्यंत बोटांवर मोजत होत्या. चालणं बंद झालं. जिना बंद झाला. जिन्यातल्या गप्पा बंद झाल्या. त्यांनी घरात पाऊल टाकलं ते थेट उशीकडे. मणी काढून बटणांच्या डब्यात टाकला, एका थैलीत शर्टाचं साधं बटण घालून तोंड शिवून टाकलं आणि ती मास्तरांच्या गळ्यात घातली. मण्याला रोज चौथ्या मजल्याची हवा दाखवावी लागते, असा बाबांचा निरोप आहे म्हणाल्या. आयुष्यभर नवऱ्याशी खोटं न बोललेली बाई, जीभ अडखळलीच. पण मास्तर उठले. काकूही बरोबर निघाल्या.

शेजारचे निवृत्त पोस्टमन खाटेवरून त्यांना हसायचे. उभा जन्म पायी टपाल वाटलेला माणूस, आता मणी उशाखाली ठेवून आडवा झाला होता. पुढे पुढे तर खालच्या दुकानात गेले तरी परतताना स्वतःचं दार चुकायचे.

तीन महिन्यांनी बाबांनी सभा भरवली आणि पुन्हा सुधारलेल्या मास्तरांना साक्षीला पुढे बोलावलं. बघा भक्तांनो, मण्याचा महिमा, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले. काकूंनी कात्री काढली आणि थैलीची शिवण उसवली. बाबांच्या पुढ्यात चार भोकांचं पांढरं बटण पडलं.

हॉल खदखदून हसला. बाबा मुरलेले होते, मणी लांबूनही कृपा करतो म्हणाले. मग मणी पोस्टमनच्या अगदी उशाखाली असून त्यांना घर का सापडत नाही, असं काकूंनी विचारलं. पोस्टमननी बिचाऱ्यांनी खिशातून आपला मणी काढून पुढे केला.

मास्तरांनी तो घेतला. बोटांत फिरवला, नखाने खरवडला, उजेडात धरला.

"हे ओव्हरकोटाचं बटण आहे. मागची कडी घासून काढलीय, वर काळं रोगण. दुकान मोडलं तेव्हा सहा डझन भंगारात दिली होती आपण. तुला आठवतं ना, काजूबाई?"

काकू भर सभेत रडल्या आणि रडता रडता हसत सुटल्या.

मग इमारतीच्या वॉचमनलाही कंठ फुटला. भक्तांच्या गाड्यांनी गल्ली तुंबायची, म्हणून त्यानेच बाबांना दम भरला होता. मणी दुसऱ्या दिवसापासून वाहनाने येणाऱ्यांवर रुसायला लागला. यावर हॉलमध्ये असा हशा उसळला की बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कळलंच नाही.

हसू ओसरल्यावर मागे बसलेल्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"चालल्याने सगळ्यांचं सगळं परत येईल, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझ्यात आणि बाबांत फरक काय? विसरायला होत असेल तर आधी दाखवायला या. पण शरीर हललं, माणसांत राहिलं, की डोक्यालाही मदत होते. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, यातून मणी काढून घेतला तर काय उरतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जिना पुन्हा फुलला. वर बाबा नव्हते, रिकामी खोली होती आणि खिडकीतून ऊन येत होतं. पोस्टमन दुसऱ्याच मजल्यावर टेकले आणि अजून किती राहिलं म्हणून विचारू लागले. मास्तरांनी त्यांना हात दिला, दोनच मजले म्हणाले, आणि वरच्या पायरीवर थांबलेल्या काकूंना हाक मारली, "काजूबाई, थांब गं, आलोच आम्ही."