दुर्गीचा मुऱ्हाळी

आमच्या रिसोडात रीतच होती बाप्पा, सून माहेरी एकटी निघत नसे. माहेरचं कोनी न्याले आलं तरच पाय उचलायचा. न्याले येनाऱ्याले म्हनत मुऱ्हाळी. माह्या शेजारच्या दुर्गीचा मुऱ्हाळी म्हंजे तिचा भाऊ इंद्रभान. दर आखाजीच्या सनाले अनसिंगाहून यायचा, खांद्यावर उपरनं, हातात बुंदीचा पुडा. अन् दर आखाजीले तिची सासू त्याले चहा पाजून वाटेले लावायची. कवा म्हने म्हैस विऊ द्या, कवा म्हने पुढच्या साली पाहू. म्हशीले दया आली असती, त्या बाईले नाई आली.

पयले पयले दुर्गी गाठोडं बांधून ठेवायची, अन् भाऊ गेला का न्हानीत जाऊन रडायची. मंग गाठोडं बांधनं सुटलं. मंग रडनंही सुटलं. पन मले खरा राग आला तो त्याच्याही पुढच्या साली. सासूनं तोंड उघडाच्या आंधी दुर्गीच भावाले सांगाले लागली, चहा घे दादा, पुढच्या साली पाहू. भिंतीपलीकडून आयकून म्या कपायावर हात मारला.

सासू मेली. नवरा शेषराव तसा गरीब मानूस, फक्त मायपुढं कदी बोलला नाई. त्याच उनायात निरोप आला, इंद्रभान अंथरुनाले खियला, बहिनीले पाहाचं म्हनते, जीव अडकून हाय. शेषराव म्हने जाय, पोराईचं मी पाहातो. आता अडवनारं कोन होतं? तरी हे बाई चुलीपुढं बसून.

"मुऱ्हाळी कुठी आला, बेबीताई?"

"अवं, मुऱ्हाळीच तर मरून राह्यला! मीच तुही मुऱ्हाळी, उठ."

हाताले धरून यष्टीस्टँडवर नेलं, वाशीमच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं. वाशीमहून अनसिंग किती दूर हाय? संध्याकायच्या आत भावाच्या उशाशी असती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली अन् दुर्गी उठली. कोनी धरलं नाई, कोनी ओढलं नाई, आपल्याच पायानं खाली उतरली. कंडक्टरनं इचारलं काय झालं, तं म्हने घरी इचारलं नाई. कोनाले इचाराचं राह्यलं होतं वं? सासूची राख कवाच नदीत गेली होती.

घरापर्यंत म्या तिले शिव्या देल्या. ते माह्यापुढं तरातरा चालून राह्यली होती. घरी आली अन् थेट गोठ्यात जाऊन शेन भरू लागली. तिथं गेल्यावर तिचा चेहरा निवला. ते पाहून माह्या शिव्या तोंडातच राह्यल्या, मले भेवच वाटलं.

मंग इंद्रभानचा मोठा पोरगा गोविंदा आला. डोकं भादरलेलं. शेषरावनं पाह्यलं अन् खालीच बसला. गोविंदा दारात उभा राहून म्हने, "आत्या, चाल. तेरवीले न्याले आलो."

आता तरी खरा मुऱ्हाळी दारात होता. मले वाटलं, आता हे हंबरडा फोडते. दुर्गीनं चहा केला, पदर सावरला, कप त्याच्यापुढं ठेवला.

"दादाले सांगजो," ते म्हनली, "पुढच्या साली पाहू."

गोविंदा माह्याकडं पाहे.