एक मेगचा पॉट

गिटारी दुरुस्त करायच्या त्या दुकानात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. कान दादाचा, हात बहिणीचा. दादा वाद्य वाजवून बघणार, डोळे मिटणार आणि हुकूम सोडणार. ती मुकाट्यानं सोल्डरिंग करणार. मीटर दुकानात होता, पण दादा त्याला बोटही लावत नसे. ज्यांना कान नाहीत त्यांनी आकडे बघत बसावं, असं तो गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचा. साठी उलटली तरी तोरा तसूभर कमी झाला नव्हता.

लंबूची गिटार आली तेव्हाही त्यानं तसेच डोळे मिटले. लंबू हॉटेलांत वाजवणारा, दारातून वाकून आत येणारा माणूस. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारीत तारांचा आवाज पकडणारे पुढे दोन एकेरी पिकअप होते आणि मागे एक दुहेरी, आणि आवाजाचं बटण सगळ्यांना मिळून एकच. त्या बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा पॉट खराब झाला होता. आता पॉट बदलायचा तर आकडा कोणता घ्यायचा, इथे भलेभले अडतात. लहान आकड्याचा पॉट आवाजाची वरची धार थोडी खातो, मोठा ती तशीच राहू देतो. एकेरी पिकअप मुळातच तिखट, त्याला अडीचशे किलोओहमचा बरा. दुहेरी जाडजूड, त्याला पाचशेचा लागतो. दोघांना एकच पॉट म्हणजे दोन भावांना एका मापाचा शर्ट शिवण्यातला प्रकार; एकाला काचणार, नाहीतर दुसऱ्याला ढगळ होणार.

"एक मेग," दादा म्हणाला.

म्हणजे हजार, पाचशेच्याही दुप्पट. "एक मेग? अरे, एकेरी पिकअप कानात सुया टोचतील," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय? गुदमरलीय बिचारी. एक मेग टाक, मोकळी होईल."

"बरं," ती म्हणाली.

दोन वर्षं ती हे असं बरं म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी एका संगीतशिक्षिकेनं गिटार परत आणली होती. फार कर्कश वाजते, म्हणाली बिचारी, तेही चाचरत. दादा तेव्हा बाहेर गेला होता. बहिणीनं वाजवून पाहिली. बाई म्हणत होती ते खरं होतं. दादानं सांगितलेला पॉट काढून तिनं निम्म्या आकड्याचा बसवला. दादा आल्यावर त्यानं ती गिटार छेडली, मान डोलावली आणि म्हणाला, "बघ, माझ्या पॉटनं कशी खुललीय!" ती हो म्हणाली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. ज्या कानाच्या जिवावर दोघांचं आयुष्य उभं होतं, त्या कानाला आवाजाची वरची धार ऐकू येईनाशी झाली होती आणि कानाच्या मालकाला पत्ताच नव्हता.

तेव्हापासून तो सांगायचा एक, ती बसवायची दुसरं. झाकण लागलं की आत कोण बघतंय? लंबूच्या गिटारीत तिनं पाचशेचा पॉट घातला, दुहेरी पिकअपसाठी. आणि स्विचपाशी वीज अडवणारा तांदळाएवढा एक रेझिस्टर असा जोडला, की एकेरी पिकअप लावला तरच तो मध्ये यावा आणि त्याच्यापुरतं पाचशेचं अडीचशे व्हावं. दोन्ही भावांना आपापल्या मापाचा शर्ट झाला. तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला? दादानं वाजवली, "एक मेग म्हणजे एक मेग," म्हणाला, आणि लंबू खूश होऊन गेला.

चौथ्या दिवशी सकाळी लंबू परत आला. गिटारीचं झाकण उघडलेलं होतं.

"काका, पाया पडतो तुमच्या! दुसऱ्या गिटारीतही असंच करायचं म्हणून उघडून बघितलं. तुम्ही म्हणालात एक मेग, आणि आत पाचशेचा! वर स्विचपाशी हा रेझिस्टर. काय डोकं आहे हो! आम्हाला उगाच एक मेग सांगून गंडवलंत ना?"

बहिणीच्या हातातली पक्कड तिथेच थांबली. दादानं गिटार घेतली, चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. ते सोल्डरिंग कुणाचं आहे हे त्याला कळायला कानांची गरज नव्हती.

"माझं डोकं नाही," तो म्हणाला. "हिचं आहे. हिला विचारा."

लंबूला वाटलं काका विनय करतायत. तो हसला, मावशींचंही कौतुक केलं, दुसरी गिटार ठेवून गेला.

"कधीपासून?" दादानं विचारलं.

"दोन वर्षं."

"सगळ्या?"

"बऱ्याचशा."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दोन पॉट काढ. एक अडीचशेचा, दुसरा एक मेगचा. चिमट्यांनी जोड, मधे स्विच लाव. मी पाठ करून बसतो. तू वाजव आणि बदलत जा. बदललं की मी सांगतो."

"दादा, राहू दे ना."

"जोड."

तिनं जोडलं. तो स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसला. खांदे ताठ, मान किंचित तिरकी, गेली चाळीस वर्षं बसायचा तसा. तिनं एकच तार छेडली, मग स्विच फिरवला, पुन्हा छेडली. तिला तर एका बाजूला नख तारेला लागलेलंसुद्धा ऐकू येत होतं, दुसऱ्या बाजूला नुसतं बोट. कुणीही सांगितलं असतं. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा छेडली. पुन्हा फिरवला.

"अगं, बदल की आता," तिनं तार छेडल्यावर दादा म्हणाला.

तिचा हात तारेवरच राहिला. आत्ताच बदलते, म्हणायला काय लागलं असतं? दोन वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं?

"बदललं, दादा," ती म्हणाली. "तीनदा."

तो वळला नाही. त्याचे खांदे खाली आले, आणि पाठमोरा तो एकदम किती म्हातारा दिसला.

"मला सांगायचं होतंस गं," तो म्हणाला. "भांडलो असतो तुझ्याशी. चार दिवस जेवलो नसतो. पण शेवटचं शेवटचं ऐकू येत असताना तरी नीट ऐकून घेतलं असतं. आता मला आठवतही नाही, शेवटचं कधी ऐकलं ते."

तिला वाटत होतं आपण त्याला जपतोय. तिला रडू आवरेना, आणि तेवढं मात्र त्याला ऐकू येत होतं. त्यानं तिला रडू दिलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाला,

"लावलेला कोणता आहे आत्ता?"

"एक मेग."

"वाजव. आणि काय काय ऐकू येतंय ते सांगत जा मला. सावकाश सांग."