उजव्या कानशिलावरची गोळी

उजवेसर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बारा वर्षांपूर्वी त्यांनी शोध लावला होता, की मनातल्या मनात बेरीज करताना डावखुऱ्या माणसांच्या मेंदूची उजवी बाजू राबते, इतरांची डावी. स्वतः डावखुरे, त्यामुळे हा शोध ते घरच्या दागिन्यासारखा मिरवत.

आणि त्यांच्याच हाताखाली एम.एस्सी. करणाऱ्या एका पोरीने तोच प्रयोग पुन्हा केला. चोवीस डावखुऱ्यांपैकी बावीस जणांची डावीच बाजू राबताना निघाली.

सरांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. चित्रं उलटी उतरवलीस, म्हणाले. या धंद्यात ही चूक होते हे खरं. स्कॅनरमधली चित्रं संगणकात उतरवताना एक आज्ञा चुकली की डाव्याचं उजवं होतं, आणि मेंदूचे दोन अर्धे इतके सारखे, की नुसतं बघून कळत नाही. म्हणून तर ती प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिनच्या तेलाची गोळी चिकटपट्टीने लावायची. चित्रात ती पांढरी चमकते. जिकडे गोळी तिकडे उजवं. सर धातूचा दात चमकवत तिला ‘गोळीवाली’ म्हणत आणि सगळे हसत. न हसून सांगतात कुणाला!

तिची चोवीसही चित्रं सरळ होती. तिने अदबीने विचारलं, की तुमच्या प्रयोगात डावखुऱ्यांच्या वेळी नवं यंत्र आलं होतं ना सर, तेव्हा गोळी लावली होती का? झालं. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची बाहेर बोळात, प्रिंटरशेजारी गेली. स्कॅनरच्या यादीतून नाव गळलं. मग निरोप आला: चित्रं उलटली होती असं प्रबंधात लिहून आकडे फिरव, नाहीतर तोंडी परीक्षेत नापास.

आई फोनवर म्हणाली, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. डिग्री घे आणि नीघ. तिला आईचा भयंकर राग आला, कारण आईचं चुकत नव्हतं.

पण सरांचा एक नियम होता: दुसऱ्याला यंत्रात घालण्याआधी स्वतः झोपायचं. म्हणजे प्रत्येक प्रयोगातला क्रमांक एक हा प्रयोग करणाराच. सरांच्या जुन्या चित्रांवरची नावं पुसलेली होती, क्रमांक नव्हते पुसलेले. तिने डावखुरा क्रमांक एक उघडला. वरच्या जबड्यात काळा खड्डा होता. धातूचा दात आसपासचं चित्र खातो तसा. तिला हसूच फुटलं. गुरूची विद्या गुरूला.

परीक्षेला तिघं होते: सर, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. पोरीत अक्कल कमी आणि हट्ट फार, असं सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. तिने भिंतीवर चित्र लावलं.

“हा जुन्या प्रयोगातला डावखुरा क्रमांक एक. संगणक म्हणतो, याचा धातूचा दात डावीकडे आहे. सर, तुमचा कुठल्या बाजूला आहे?”

हा प्रश्न विषयाला धरून नाही, असं सर म्हणू लागले. पण जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही. वाक्य संपायच्या आत ती दात चाचपायला गेली आणि त्यांचा उजवा गाल आतून फुगला.

परीक्षक बाईंनी गाल पाहिला, मग भिंत पाहिली. विभागप्रमुखांना टेबलावर काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

“बारा वर्षांत हे कुणी विचारलं नाही?” बाई म्हणाल्या.

“मी विचारलं होतं, मॅडम. म्हणून मी प्रिंटरपाशी बसते.”

ती पास झाली. सरांनी सगळ्यात शेवटी सही केली, डाव्या हाताने, कागद फाटेल इतकी दाबून.

“या मजल्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाहीस,” ते हळूच म्हणाले.

तिने कागद पिशवीत घातला आणि गोळ्यांची बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली.

“तुम्हाला सगळे डावखुरे परत बोलवावे लागतील, सर. उजव्या कानशिलावर लावायची.”