देवाच्या बोकडाची आई

मी कुसाबाईंची शेळी बोलतेय, विंचूरजवळच्या वस्तीवरची. तुम्हाला नुसतं बें बें ऐकू येत असेल, पण आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं पहिलं करडू बोकड होतं, चांगलं गुटगुटीत. तेव्हा कुसाबाईंचा नातू रुद्र तापाने फणफणला होता. "पोरगं उठून बसलं तर हे बोकड तुझं," असा त्यांनी म्हसोबाला शब्द दिला. रुद्र बरा झाला आणि माझं लेकरू देवाचं झालं. देवाचं बोकड विकायचं नाही, खच्ची करायचं नाही, बांधायचंही नाही. त्याने कुणाच्याही कोथिंबिरीत तोंड घालावं आणि लोकांनी हसून सोडून द्यावं! मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

फुकटचा बोकड असताना दुसरा कोण पाळणार? वस्तीवरच्या सगळ्या शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहिल्या, मीसुद्धा. आम्हा जनावरांना नातं कळत नाही. माणसांना कळतं, पण आमच्यात ते बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या वेताचं करडू चुरूचुरू प्यायला लागलं आणि सगळं दूध नाकातून बाहेर आलं. त्याची टाळूच फाटलेली होती. कुसाबाईंनी कापसाने थेंब थेंब पाजून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं, तरी मी बराच वेळ त्याला चाटत होते. पुढच्या वेताला जुळं झालं. एकाचा खालचा जबडा इतका आखूड की सड धरता येईना, तेही गेलं. दुसरी सोनी, तेवढी धडधाकट निघाली. यंदा पुन्हा टाळू फाटलेलं.

"गाभण असताना गिऱ्हानात बाहेर बांधली असंल," शेजारच्या फुलाबाईंनी ग्रहणाला दोष दिला.

जनावरांच्या डॉक्टर प्रतिभा मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "बोकड कुणाचा?" कुसाबाईंनी अंगणातल्या माझ्या लेकाकडे बोट केलं.

"अहो आजी, हा हिचाच ना? जवळच्या रक्तात असं होतं. आधी बोकड बदला."

"देवाला दिलेला हाय त्यो, ताई. त्याला हलवला आन् माझ्या रुद्रला काय झालं तर?"

मला कुसाबाईंचा राग येतो, पण ती भीती मला कळते. मीही पोरांसाठी अशीच घाबरले आहे.

शेवटी बोकड राहिला आणि खोट माझ्यातच ठरली. आज मला मालेगावच्या बाजारात नेताहेत. तिथून शेळी कुठे जाते, ते मला माहीत आहे. माझं काय व्हायचं ते होवो, पण सोनीला कुणीतरी त्याच्यापासून लांब न्या हो. तसा आता उशीरच झालाय. ती पहिलटकरीण आहे, त्याच्याचपासून गाभण.

टेम्पो निघाला तेव्हा कुसाबाई डोळे पुसत होत्या. मग त्या वळल्या आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या लेकासमोर हात जोडून म्हणाल्या, "देवा, सोनीचं करडू तेवढं नीट होऊ दे रे."