दाढी, लिंबू आणि हिरवा वाडगा

लेकीसाठी केलेल्या हिरव्या वाडग्यातून कुंभारणीने लिंबाची फोड उचलली आणि कपाळाला हात लावला. फोड काल सकाळी झिलई पारखायला ठेवलेली. तिच्याखाली फिकट डाग पडला होता.

"घ्या! तुमची झिलई साध्या लिंबानेही सुटते. आणि यात आपली दिवस गेलेली लेक आंबटचिंबट खाणार होती!"

कुंभाराचा चेहरा एवढासा झाला. "गारगोटीची पूड वाढवून पुन्हा करतो. पण मीच करणार हं, तू नाही."

"करा की. पण ती पूड उडून छातीत बसते. आधी मास्क."

इथंच तर घोडं अडलं होतं. दोन गोल फिल्टरचा मास्क तिने महिन्यापूर्वीच आणला होता. फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढला की तो गालांना घट्ट चिकटायला हवा. पण याच्या दाढीतून हवा खुशाल आत शिरायची. आणि दाढी म्हणजे स्वारीचा जीव की प्राण, लग्नाआधीपासूनची! काढा म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"फडकं बांधतो. आईने जन्म काढला फडक्यावर."

"आणि शेवटची दोन वर्षं खोकत काढली," ती फाडकन बोलली. "पाठ कोण चोळत होतं? मी! पुन्हा नाही बघवायचं मला ते."

पुडीच्या कपाटाची किल्ली तिने खिशात टाकली. तो आत गेला. बराच वेळ नळ वाहत होता. बसले रुसून, असं पुटपुटत ती वाडगे पुसू लागली.

दार वाजलं. तिने मान वर केली आणि हातातलं फडकं गळालं. अगं बाई! समोर सासूबाईच उभ्या. तीच हट्टी हनुवटी, तोच पुढे काढलेला खालचा ओठ. जिच्याशी बावीस वर्षं भांडली आणि जिच्यामागे ढसाढसा रडली, तीच बाई.

"हसू नकोस," गुळगुळीत गालांवरून हात फिरवत तो म्हणाला.

"नाही हसत," म्हणत ती हसली आणि डोळे भरून आले. तिने त्या चेहऱ्यावर मास्क नीट बसवला, पट्टे ओढले, फिल्टरवर स्वतःचे तळवे दाबले.

"घ्या श्वास."

मास्क गालांना घट्ट चिकटला. किती बरं वाटलं तिला! किल्ली त्याच्या हातावर ठेवायच्या आधी तिने पट्टा आणखी जरासा आवळला. सासूबाईंना हे कुणीच बांधलं नव्हतं.