पांढरा दगड डोंगराच्या हाताला

मित्रांनो, माझी रुंदी दोन मेंढ्यांपुरती आहे. तिसरी आली तर तिला मागून यावं लागतं. मी एक जुनी पायवाट आहे, उत्तरेकडच्या एका लहान बेटाच्या कड्याकड्याने जाणारी. धक्क्यापासून वरच्या वाडीपर्यंत माझ्या एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र. मध्ये कुंपण नाही.

मला कुणी बांधलं नाही. आधी मेंढ्या चालल्या, मग त्यांच्यामागून माणसं. पाठीवर जळाऊ मातीच्या वड्यांची टोपली घेऊन बायका जात आणि चालता चालता मोजे विणत. नजर लोकरीवर, तरी पाऊल चुकत नसे. ते माझ्या दगडांमुळे.

असे अकरा दगड आहेत. गुडघ्याएवढे, चुन्याने रंगवलेले आणि सगळे डोंगराच्या बाजूला. धुकं उतरलं की पांढरा दगड शोधायचा आणि त्याच्या समुद्राकडच्या अंगाने पुढे जायचं. इथली मुलं हे बोलता येण्याआधी शिकतात. दर मे महिन्यात प्रत्येक घर आपला दगड रंगवतं, आणि घरातलं सगळ्यात धाकटं मूल मेंढ्यांना खूण करायच्या निळ्या रंगाने त्यावर आपल्या हाताचा ठसा उमटवतं.

पुढे मोटारीचा रस्ता झाला आणि माझ्यावर गवत वाढलं. काही वर्षं अकराही दगड वाडीतले म्हातारे मॅग्नीकाका एकटेच रंगवायचे. मग रंगीत कोट घातलेले पाहुणे फिरायला येऊ लागले. त्यांनी माझी फार स्तुती केली. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. घराघरांनी पुन्हा आपापला दगड रंगवायला घेतला. वरच्या वाडीतल्या ओस्लाने धक्क्यावर चहाचं दुकान काढलं.

पाहुण्यांना एक खेळ आवडे. कड्याच्या अगदी टोकाशी ते दगडावर दगड रचून ठेवत. मॅग्नीकाका मागून जाऊन काठीने ती चवड पाडत. एका पाहुणीला त्याचं रडू आलं, तेव्हा ओस्ला काकांवर वैतागली.

"काका, दगडावर दगड ठेवलाय, तुमच्या डोक्यावर नाही. राहू दे की."

काकांनी काठी आवरली. चवड राहिली. समुद्रपक्षी तिच्यावर बसू लागले आणि ऑगस्ट संपेतो ती पांढरीशुभ्र झाली.

सप्टेंबरात एका दुपारी ओस्लाची मोटार बंद पडली. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, ब्रेनाला घेऊन ती चालत घरी निघाली. निम्म्या वाटेत धुकं उतरलं. ब्रेना प्रत्येक दगडाला हात लावून मोठ्याने मोजत होती. आठ झाले. नववा त्यांच्याच घरचा. पुढे काहीतरी पांढरं दिसलं, तशी ओस्ला सवयीने त्याच्या समुद्राकडच्या अंगाला वळली.

त्यांच्या पावलांचं वजन माझ्यावरून उतरलं. मला एवढंच कळलं. मित्रांनो, पायवाटेला ओरडता येत नाही.

"आई, थांब," ब्रेना म्हणाली. "हा आपला नाही. माझा हात नाहीये यावर."

"धुक्यात दिसत नसेल. चल, उशीर होतोय."

"आणि याला शीचा वास येतोय."

ओस्लाने हात पुढे केला. आमचे दगड हलत नाहीत. हा हलला आणि सुटला. खाली पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. ओस्ला होती तिथेच खाली बसली. मुलीला पोटाशी घट्ट धरून ती बसल्या बसल्या मागे सरकत माझ्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅग्नीकाकांच्या दारात जाऊन काठी मागितली.

"का गं, पडला वाटतं कुणाच्या डोक्यावर?" काकांनी विचारलं. मग तिचा चेहरा पाहिला. काठी दिली आणि स्वतःही बरोबर आले.

आता दुकानात चहा देताना ओस्ला प्रत्येक पाहुण्याला एकच विनंती करते. तीच माझीही आहे. मित्रांनो, माझ्यावरून खुशाल चाला, हवं तिथे बसा, डबा खा. पण आठवण म्हणून मागे काही रचून ठेवू नका. तुमची आठवण दुसऱ्या कुणाला वाटेची खूण वाटते.

ब्रेना अजून दगड मोजते. नवव्यापाशी ती आपल्या निळ्या ठशावर तळवा ठेवते. हात आता ठशाहून थोडा मोठा झाला आहे. तिचं झालं की ओस्लाही तिथे हात ठेवते आणि मगच पुढचं पाऊल टाकते.